रामेश्वरभटांचं आख्यान

नारदीय कीर्तनात उत्तररंगाला तुकोबांचं आख्यान लावलं, की रामेश्वरभट बहुधा खलनायक होऊन येतात. वाघोलीचे विद्वान ब्राह्मण. शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ निघतो म्हणून चिडलेले, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे. पुढे त्यांच्या अंगाची आग होते, श्रोते सुखावतात, टाळी पडते. मला ती टाळी नको असते. दुष्टाला शिक्षा झाली एवढंच सांगायचं असेल, तर त्यासाठी कीर्तन कशाला?

संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेली दाहाची कथा पुण्याच्या वाटेवरची आहे. रामेश्वरभट नागनाथाच्या दर्शनाला निघाले, वाटेत अनगडशहा फकिराच्या ठिकाणी स्नानाला उतरले, आणि फकिराचा शाप लागला. पुण्यात हे आख्यान सांगताना मी गावाची ओळख करून देते. नागनाथाचं, म्हणजे नागेश्वराचं, देऊळ सोमवार पेठेत आहे, जवळून नागझरी जाते. तिचा आता नाला झालाय. वाघोली तर २०२१ मध्ये महापालिकेत आली. श्रोत्यांना कळावं, की हा माणूस आपल्याच वस्तीतला होता आणि देवदर्शनालाच निघाला होता. त्याचा देव सुटलेला नव्हता. स्नानसंध्या, पाठ, व्रतं सगळं चालू होतं. म्हणूनच आपण देवापासून लांब गेलो आहोत, हे त्याला कळायला इतका वेळ लागला. विद्येचा ताठा असा सोवळ्यातच वाढतो.

दाह थांबेना, तेव्हा ते आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या समाधीपाशी अनुष्ठानाला बसले. इथे मी चाल संथ करते. पंडिताला जे येत होतं तेच त्यानं केलं: जप, नेम, उपोषण. थेट देवाशी व्यवहार. पण दृष्टांत झाला तो देहूला तुकोबांकडे जा असा. ज्याचा अपमान केला, त्याला वगळून देवाकडे जाता येणार नव्हतं. माझ्यासाठी आख्यानाचा जीव इथे आहे, आणि कितीही वेळ कमी असला तरी हा भाग मी कापत नाही.

मग शिष्याला देहूला पाठवलं. तुकोबांनी उत्तरादाखल अभंग लिहून दिला. तो कागद भटांच्या हातात येतो, तेव्हा मी झांजा खाली ठेवते. पेटी फक्त षड्ज धरून राहते, तबला थांबतो. ज्यांचे अभंग पाण्यात घालायला लावले, त्यांचाच अभंग आता स्वतःच्या तोंडानं वाचायचा. पहिलं अक्षर उच्चारण्याआधीचा तो क्षण मी लांबवते. अभंगही गात नाही, वाचते. पोथी वाचण्यात हयात गेलेला माणूस पहिल्यांदाच काही वाचतोय, असा आवाज लागला पाहिजे. तो दर वेळी लागतोच असं नाही. पण लागला की सभेत कुणी हलत नाही. दाह शमल्याचं पुढे एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं.

शापाच्या आणि दृष्टांताच्या कथेवर कुणाचा विश्वास बसो न बसो, गाथेत रामेश्वरभटांच्या नावाचे अभंग आहेत, आणि आपण द्वेष केला, त्यानं शरीराला पीडा झाली, हे त्यांनीच त्यांत म्हटलं आहे. एवढ्या मानाच्या पंडितानं हे लिहून ठेवावं, याचं मला फार मोल वाटतं. मान कीर्तनकारालाही मिळतो. मध्यंतरी बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, वडीलधारी माणसं वाकून नमस्कार करतात. तो मान नारदाच्या गादीचा असतो, हे विसरायला फारसा वेळ लागत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे आख्यान लवकर बसवायला देते, ते यासाठीच.

शेवटी मूळ पदावर यायचं आणि मग आरती. तुकोबांची जी आरती सगळी सभा टाळ्यांवर म्हणते, ती रामेश्वरभटांचीच आहे. पाण्यात अभंग राखले गेल्याचं तिच्यात त्यांनी गायलंय, आणि अखेरीस स्वतःचं नाव घेऊन तुकोबांच्या पायांवर डोकं ठेवलंय. त्या कडव्यापर्यंत येता येता लोक पादत्राणं शोधायला लागलेले असतात, लय वाढलेली असते. मुलींना मी बजावते, तिथे लय आवरा आणि ‘रामेश्वर’ हे नाव शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट जाऊ द्या.