पंखाचें आवरण

गेल्या मार्गशीर्षांत अण्णांचें बिनतारी लहरींनीं उडणारें छोटें विमान कोसळलें, तेव्हांपासून त्यांनीं नियंत्रकास हात लावला नव्हता. तें मोडलें याचें त्यांना दुःख नव्हतें. सायंकाळच्या फिक्या आभाळांत तें निळें विमान डाव्या अंगावर कललें कीं उजव्या, हें ओळखूं आलें नाहीं, याचें शल्य होतें. "आतां माझ्या डोळ्यांचा भरंवसा नाहीं रे," एवढेंच ते म्हणाले.

माघांत मात्र त्यांनीं बाल्सा लाकडाचा नवा पंख उभा केला. लांबी १५० सेंटिमीटर, रुंदी २५, आणि फासळ्या अशा रेखीव, कीं पाहत राहावें. प्रश्न उरला आवरणाचा.

पूर्वीं ते रेशीम ताणून त्यावर डोपचे हात देत. त्या उग्र वासानें आई माजघर सोडून जाई. हल्लीं पाठीवर गोंद असलेली पॉलिएस्टरची फिल्म मिळते. लहान इस्त्रीनें ती आधीं कडांना चिकटवावयाची, मग उष्णता वाढवावयाची, म्हणजे आकसून मृदंगाच्या पुडीसारखी तंग होते. नेहमींची फिल्म चौरस मीटरला सुमारें ६० ग्रॅम भरते, हलकी तिच्या जवळजवळ निम्मी. आमच्या पंखाला दोन्ही अंगें मिळून पाऊण चौरस मीटर लागणार. म्हणजे फरक २० ग्रॅमचा. तेवढ्यासाठीं नाजूक फिल्म घेऊन ती काट्याकुट्यांत फाडून घेण्यांत मला शहाणपण दिसेना.

खरा वाद निराळाच होता. फासळ्या दिसाव्या म्हणून अण्णांना पारदर्शक फिल्म हवी होती. मला अपारदर्शक, वर पिवळी आणि खालीं पांढऱ्यावर रुंद काळे पट्टे. खालची बाजू सावलींत असते. दूरवर तिचा रंग कळत नाहीं, पट्टे तेवढे कळतात.

"म्हणजे माझें काम झांकून टाकणार तूं?"

"तुम्हांला उडवितां यावें म्हणून," मी म्हणालों.

ते बराच वेळ फासळ्यांवरून बोट फिरवीत राहिले.

खालची बाजू आधीं मढविली, वरची मागून, म्हणजे पुढच्या कडेचा जोड खालीं लपतो. शेवटीं पंखाचीं टोंकें किंचित् पिळावीं लागतात: मागची कड २ अंश वर, नाहींतर वेग मंदावतांच टोंक आधीं दगा देतें. अण्णांनीं पीळ धरून ठेवला, मीं वरून-खालून इस्त्री फिरविली. फिल्म निवली, त्यांनीं हात काढले तरी पीळ तसाच राहिला.

परवां माळावर विमान दूर जाऊन वळलें. मी डोळे बारीक करून पाहत होतों, तोंच शेजारून आवाज आला, "उजवीकडे कललें आहे." मीं नियंत्रक त्यांच्यापुढें धरला.