चार नंबरची काठी

वुडबरी कॉमन आपल्या मंडळात कोणाला माहीत नाही? भारतातून पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिकडची फेरी ठरलेली. पर्सेस, बूट, घड्याळं, आणि परतताना मागच्या सीटवर कोणाच्या तरी मांडीवर पिशव्यांचा ढीग. मीही वीस वर्षांत पंधरा वेळा तरी गेले असेन. पण हा बाजार ज्या सेंट्रल व्हॅलीत आहे, तिथे एके काळी अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या मासेमारीच्या काठ्या बनत होत्या, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. हायरम लेनर्ड नावाच्या कारागिराने १८८१ मध्ये मेन राज्यातून आपला कारखाना इथे आणला. बांबू चिरून त्याच्या त्रिकोणी पट्ट्या तासायच्या आणि सहा पट्ट्या चिकटवून एक षट्कोनी काठी करायची, अशी ती पद्धत. पुढे या कामासाठी बांबू चीनमधून येऊ लागला.

आता मी त्या एक्झिटला खरेदीसाठी वळते ती फक्त सतरा नंबरचा रस्ता धरायला. तिथून पश्चिमेला सव्वा तास गेलं की कॅट्सकिल डोंगरात रॉस्को नावाचं छोटंसं गाव लागतं. एक्झिट ९४. गावाने स्वतःला ‘ट्राउट टाउन’ अशी पदवी घेतली आहे. बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्यांचा संगम इथेच होतो. (‘किल’ म्हणजे जुन्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेत ओढा किंवा नदी. मारण्याशी त्याचा संबंध नाही. हे मी सासूबाईंना आधी सांगून टाकलं.)

मी तिथे का जाऊ लागले ते सांगायला हवं, नाहीतर काठीची गोष्ट कळायची नाही. चार वर्षांपूर्वी माझं उजव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. बाकीचं सगळं यथावकाश आटोपलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी कोळ्यासारखं वर वर चढायचं, हा व्यायाम मी रोज करत होते आणि रोज त्याच टाइलपाशी अडत होते. वरच्या फडताळातला कुकर काढायला मुलाला हाक मारावी लागायची. त्या दिवसांत फिजिओथेरपिस्टने ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ या संस्थेबद्दल सांगितलं. १९९६ साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेली ही संस्था स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना दोन-अडीच दिवसांच्या मोफत शिबिरात फ्लाय फिशिंग शिकवते. काठी मागेपुढे हलवताना खांद्याला जी हालचाल होते, ती ऑपरेशननंतरच्या व्यायामासारखीच असते. मी गेले. पहिल्या दिवशी गवतावर दोरी फेकताना मला एवढंच कळलं, की भिंतीपेक्षा हे बरं.

घरी आल्यावर मी इतकी बोलत सुटले की नवऱ्याने वाढदिवसाला काठी आणली. एका मोठ्या दुकानातून, विक्रेत्याच्या सल्ल्याने, भरपूर पैसे मोजून. नऊ फूट, सहा नंबर, एकदम कडक. “ही सगळ्याला चालते,” असं त्याला सांगितलं होतं म्हणे. मी ती घेऊन तीन वेळा नदीवर गेले आणि तिन्ही वेळा तासाभरात खांदा धरून गाडीत येऊन बसले. मासा सोडाच, दोरीही सरळ पडेना. मला वाटलं, आपला हातच गेला. एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू चुकीची आहे असं म्हणवेना, म्हणून महिनाभर ती काठी कोट-कपाटात उभी राहिली.

मग मी वाचायला, विचारायला लागले. काठीचा नंबर म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं.

आपली गोफण आठवा. गोफणीत दगड जड असतो आणि तो दोरीला ओढून नेतो. साध्या गळाचंही तसंच. शिशाचा गोळा फेकला की दोरी मागोमाग जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि धागे बांधून केलेली माशी असते. तिला वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जड केलेली असते. काठीने दोरी मागे उडवायची, ती मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, मग पुढे. मागे गेलेल्या दोरीच्या भाराने काठी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे फेकते. नंबर असतो तो या दोरीच्या वजनाचा. पहिल्या तीस फुटांचं वजन मोजतात: चार नंबरची १२० ग्रेन, पाचची १४०, सहाची १६०. सोनाराच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने सांगायचं तर चार नंबरची दोरी पाऊण तोळ्याहून किंचित जास्त आणि सहाची तोळ्याला थोडी वर. फरक एवढासाच, पण दिवसभरात तो शेकडो वेळा मागेपुढे न्यायचा असतो.

आणि काठी कडक असली तर एवढ्या वजनाने ती वाकतच नाही. लांब अंतरावर, वाऱ्यात, भरपूर दोरी बाहेर काढून फेकणाऱ्याला ती उत्तम. माझ्यासारखी पंचवीस-तीस फुटांवर फेकणारी बाई मात्र तिला वाकवायला स्वतःच्या खांद्याचा जोर लावते. माझं नेमकं तेच होत होतं. जे काम काठीने करायचं ते मी करत होते.

बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला ल्यू बीच नावाचं गाव आहे. तिथे जोन वुल्फ आणि तिचा नवरा ली यांनी १९७९ साली फ्लाय फिशिंगची शाळा काढली. १९५१ साली दूर फेकीच्या स्पर्धेत समोर सगळे पुरुष असताना जोन पहिली आली होती. हे वाचलं त्या रात्री मी ती सहा नंबरची काठी कपाटातून काढली आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “मग बदलू या की. एवढं काय?” महिनाभर उगीच मनात धरून बसले होते.

पण बदलून घ्यायची कोणती? इथे दुसरा प्रश्न उभा राहिला: ड्राय की निम्फ?

नदीतले हे कीटक, म्हणजे मेफ्लाय आणि त्यांचे भाऊबंद, आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांना चिकटून काढतात. ती अवस्था म्हणजे निम्फ. मग एके दिवशी वर येऊन पंख फुटतात आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालीच जेवतो. पंखवाले पाण्यावर उतरले की मात्र वर येऊन तोंड मारतो. तेव्हा वर तरंगणारी ड्राय फ्लाय लावायची, एरवी धातूचा मणी ओवलेली, बुडणारी निम्फ. ड्रायला हवी मऊ टोकाची काठी, कारण माशी पाण्यावर हलकेच टेकली पाहिजे, आणि शेवटचा धागा इतका बारीक असतो (मी वापरते तो इंचाच्या सहा हजारांशाइतका) की कडक काठीने झटका दिला तर तुटलाच. निम्फवाले म्हणतात लांब काठी घ्या, दहा-अकरा फुटी, तीन नंबरची. दोरी पाण्यावर पडूच द्यायची नाही, वरच्या वर धरायची, म्हणजे प्रवाह तिला ओढत नाही आणि निम्फ तळाशी नैसर्गिक वाहते. मासे या पद्धतीने जास्त मिळतात, यात वाद नाही.

मी जवळजवळ तीच घेणार होते. वजनाला हलकी, जेमतेम तीन औंस. पण कागदावरचं वजन फसवं असतं. लांब काठीचं टोक हाताला खाली ओढतं, आणि निम्फ वाहत असेपर्यंत हात पुढे करून उचललेलाच ठेवावा लागतो. फेकणं क्षणाचं, धरणं दिवसभराचं. माझ्या खांद्याला ते धरणंच जमणार नव्हतं.

रॉस्कोच्या एका दुकानात मी हे सगळं सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काउंटरवर काही दाखवलंच नाही. चार काठ्यांना रीळ आणि दोरी जोडली आणि मला मागच्या गवतावर नेलं. “दुकानात काठी हलवून काही कळत नाही,” म्हणाले. “दोरीशिवाय काठी म्हणजे छत्रीचा दांडा.” पहिली नऊ फुटी पाच नंबर. बहुतेकांना एकच काठी घ्यायची असेल तर हीच सांगतात, आणि तुमच्यापैकी कोणाचे खांदे धड असतील तर मीही हीच सांगेन. दुसरी दहा फुटी चार नंबर. तिसरी साडेसात फुटी, छोट्या ओढ्यांची, खेळण्यासारखी. चौथी साडेआठ फूट, चार नंबर, मध्यापर्यंत वाकणारी. ती हातात घेतली, मागे नेली, थांबले, आणि मुठीत तिचं वाकणं जाणवलं. जरा पुढे ढकलली तर दोरी आपली आपण उलगडत गेली. मी किंमत विचारली. नवऱ्याने आणलेलीच्या निम्म्याहून कमी. तो माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता.

या काठीने काय गमावलं तेही सांगते. दोन जड निम्फ आणि शिशाचे मणी लावून खोल डोहात टाकायचं तिचं काम नाही. वारा सुटला की मी मुकाट्याने काठावर बसून थर्मासमधला चहा पिते. रॉस्कोत एक दंतकथा सांगतात. संगमाच्या डोहात दोन तोंडांचा ट्राउट आहे म्हणे. बीव्हरकिलमध्ये जावं की विलोविमॉकमध्ये, हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो तिथेच राहिला आहे. माझंही तसंच होतं. त्यावर दुकानदारांनीच तोड सांगितली: वर एक झुबकेदार ड्राय फ्लाय, आणि तिच्याच गळाला वीत-दोन वीत धागा बांधून खाली एक छोटी निम्फ. वरची दिसते, खालची काम करते. चार नंबरच्या काठीला एवढं वजन झेपतं.

या भागात फिरताना थिओडोर गॉर्डनचं नाव सतत येतं. क्षयाने आजारलेला हा माणूस शेजारच्या नेव्हरसिंक नदीकाठी एकटा राहायचा. १८९० साली इंग्लंडच्या हॅलफर्डने त्याला आपल्या काही ड्राय फ्लाय पाठवल्या. त्या तिकडच्या संथ नद्यांतल्या किड्यांच्या नकला. इथल्या खळाळत्या पाण्यात त्या चालेनात, तेव्हा गॉर्डनने इथले किडे बघून स्वतःच्या माश्या बांधल्या. १९१५ साली तो वारला. त्याच्या नदीवर पुढे न्यूयॉर्क शहराच्या पाण्यासाठी धरण झालं आणि नेव्हरसिंक गावाची जुनी जागा पाण्याखाली गेली. धरणाखाली गाव जाणं आपल्याला काही नवं नाही, पण मॅनहॅटनमध्ये नळाचं पाणी पिताना ते आठवत नाही एवढंच.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही विलोविमॉकवर गेलो, जिथे मासा धरून सोडावाच लागतो त्या पट्ट्यात. पाणी मांडीपर्यंत, वेडर्स घालूनही बर्फासारखं गार. दुपारी दोनच्या सुमारास हेंड्रिक्सन नावाचे करडे-गुलाबी किडे पाण्यावर दिसू लागले. मी माझी जोडगोळी एका मोठ्या दगडाच्या मागे टाकली. पाच-सहा वेळा काही नाही. मग वरची माशी वाहता वाहता थबकली आणि बुडाली. मी काठी उचलली. पलीकडे जड, जिवंत काहीतरी होतं. ते प्रवाहात खाली पळालं, काठी मुठीपर्यंत वाकली, मी ती उंच धरून काठाकाठाने सरकत राहिले. किती वेळ कोण जाणे. जाळीत आला तो ब्राउन ट्राउट, चौदा इंची, अंगावर लाल-काळे ठिपके. हाही मूळचा इथला नव्हे. १८८३ साली याच्या पूर्वजांची अंडी जर्मनीहून बोटीने न्यूयॉर्कला आली. खालच्या निम्फचा गळ ओठातून अलगद सुटला. मी त्याला दोन्ही हातांनी प्रवाहात तोंड करून धरलं, आणि तो गेला.

नवरा काठावरून ओरडत होता. मला वाटलं फोटो काढायचा राहिला म्हणून. तर तो म्हणत होता, “हात! हात बघितलास का?” काढलेला फोटो त्याने नंतर दाखवला. काठी धरलेला माझा उजवा हात कानाच्या वर, सरळ होता.

संध्याकाळी वेंगुर्ल्याला सासूबाईंना फोन केला. तिकडे पहाट झाली होती. सगळी हकिकत त्यांनी मन लावून ऐकली, हाताचं ऐकून जरा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “केवढो होतो?”

“चौदा इंच, आई.”

“आणि सोडलंस? कित्याक गो?” त्या म्हणाल्या. “तळलो असतो तर दोघांका पुरलो असतो.”