बोट ठेवलं ती जागा

धाकट्याच्या बाळंतपणात माझी कंबर धरली. आईने जुन्या नऊवारीने पोट घट्ट बांधलं, ओव्याची शेगडी दिली. "बाळंतपणाची कंबर आहे, सव्वा महिन्यात सुटेल," म्हणाली. मूल शाळेत जाऊ लागलं तरी ती सुटली नाही.

फळ्यापुढे उभी असेन तोवर निभायचं. खुर्चीत बसले की उजव्या कुल्ल्यावर भार घेववत नसे. रात्री कूस बदलताना कळ जायची. निर्गुडीचा शेक, कमरपट्टा, गोळ्या, व्यायाम सगळं झालं. कुणी सायटिका म्हणालं, कुणी नस दबलीय म्हणालं. एमआरआयमध्ये मणके ठीकच होते.

मग एका सर्जननी सांगितलं, "एकाच बोटाने दाखवा." माझं बोट मणक्यावर गेलंच नाही. ते कमरेखालच्या खळगीशी टेकलं. तिथे पाठीच्या कण्याचं शेवटचं रुंद हाड कटीच्या हाडाला मिळतं. हा एसआय जॉइंट. जेमतेम दोन-चार अंश हलणारा, पण धडाचा भार पायांकडे जातो तो याच्यातूनच. गरोदरपणात त्याचे बंध सैलावतात. १९०५ मध्ये गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी या सांध्याकडे बोट दाखवलं होतं. पण १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीवर लिहिलं आणि वैद्यकाची नजर मणक्यांकडे वळली.

पाय वळवून, मांडी दाबून तपासण्या झाल्या. एक्स-रेत बघत सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. टेबलावरून उतरले आणि कळ न येता चालले. औषध उतरलं तशी ती परतली, पण दुखणं कुठलं हे पक्कं झालं.

मग तो सांधा जखडायचं ऑपरेशन ठरलं. पूर्वी यासाठी मोठी चीर घ्यावी लागे. आता कुल्ल्याच्या बाजूला सुमारे तीन सेंटिमीटरची चीर पुरते. तिच्यातून टायटॅनियमचे तीन त्रिकोणी तुकडे सांध्याच्या आरपार बसवले. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागाला हाड धरतं आणि सांधा हलायचा थांबतो. काही आठवडे वॉकर होता, त्या बाजूच्या पायावर पूर्ण भार टाकायला मनाई होती. आज मी बसून पेपर तपासते. वाकून जड उचलत नाही, एवढं पथ्य उरलंय.

प्रत्येक कंबरेला ऑपरेशन लागत नाही. बहुतेकांना व्यायाम पुरतो. पण "वय झालं", "बायकांचं असंच असतं" हे निदान नव्हे. मैत्रिणींनो, दुखतं तिथे बोट ठेवा आणि डॉक्टरांना तोही सांधा तपासायला सांगा.