ताऱ्यांपलीकडची भाषा



भाषा ही यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था आहे, ही व्याख्या तुम्ही अभ्यासली आहे. व्याख्या योग्यच आहे. परंतु त्या व्यवस्थेतील सर्व संकेत कळले, व्याकरणही कळले, आणि तरीही समोरच्याचे बोलणे कळले नाही, असे घडू शकते का? या प्रश्नाचा विचार करताना मला पाठ्यपुस्तकातील उदाहरणाऐवजी एक विज्ञानकथा आठवते. तेव्हा आज आपण थोडे दूर, ताऱ्यांपलीकडे जाऊ.

‘स्टार ट्रेक’ ही जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळयान ग्रहामागून ग्रह ओलांडत जाते आणि त्यातील माणसांची निरनिराळ्या परकीय संस्कृतींशी गाठ पडते, असे तिचे कथासूत्र आहे. आमच्याकडे ती दूरदर्शनवर दिसू लागली तेव्हा मी शाळेत होते. चाळीत एकाच घरी कृष्णधवल संच होता आणि इंग्रजी कळणारे एकच दादा होते. ते आम्हा मुलांना प्रत्येक संवादाचा अर्थ सांगत. मात्र पडद्यावरची माणसे खळखळून हसली आणि आम्ही ‘काय झालं?’ असे विचारले, की दादा म्हणत, “ते सांगता येत नाही, ते तिकडचं आहे.” परग्रहावरचे लोक इतके स्वच्छ इंग्रजी कसे बोलतात, हा माझा दुसरा प्रश्न असे. त्याचे उत्तर त्या कथाविश्वातच दिलेले आहे: तेथे एक सार्वत्रिक अनुवादयंत्र असते. कोणतीही भाषा ते क्षणात उलगडते. कथाकाराची ती सोय आहे. दर आठवड्याला नवी भाषा शिकण्यात वेळ घालवला तर कथा पुढे सरकणार कशी?

पुढे ‘द नेक्स्ट जनरेशन’ या उत्तरमालिकेत १९९१ साली ‘डार्मोक’ नावाचा भाग प्रसारित झाला. पटकथा जो मेनोस्की यांची. या भागात ते यंत्र बंद पडत नाही, बिघडतही नाही. तरीही ते निरुपयोगी ठरते. टमारियन नावाच्या लोकांचा प्रत्येक शब्द यंत्र अनुवादित करते. पण ऐकू येतात ती केवळ माणसांची आणि स्थळांची नावे: अमुक अमक्या ठिकाणी, तमुक तमक्याच्या सोबत. हे लोक आपल्या पुराणकथांच्या उल्लेखांतूनच बोलतात. कथा ठाऊक नसेल तर वाक्य कळूनही अर्थ हाती लागत नाही.

टमारियन कप्तान डेथन हा एंटरप्राइजचा कप्तान पिकार्ड याला एका निर्जन ग्रहावर नेतो आणि दोन खंजीर घेऊन समोर उभा राहतो. एक खंजीर तो पिकार्डला देऊ करतो. पिकार्डला ते द्वंद्वाचे आव्हान वाटते. वस्तुतः डेथन एक कथा जगू पाहत असतो: डार्मोक आणि जलाद हे दोन वीर एका बेटावर वेगवेगळे आले, एका श्वापदाशी मिळून लढले आणि सोबत परतले. या ग्रहावरही तसेच श्वापद आहे. लढाई ऐन भरात असताना एंटरप्राइजवरचे सहकारी पिकार्डला वाचवण्यासाठी परत ओढू पाहतात. तेवढ्या वेळात डेथन एकटा पडतो आणि प्राणघातक जखमी होतो. रात्री शेकोटीपाशी मरणासन्न डेथनला पिकार्ड आपल्या पृथ्वीवरची गिल्गमेश आणि एन्किडू या मित्रांची कथा सांगतो. डेथनला त्यातले शब्द कळत नाहीत. परंतु ही मैत्रीची कथा आहे, एवढे कळते. दोन्ही याने एकमेकांवर तुटून पडली असताना पिकार्ड परततो आणि टमारियनांच्या भाषेत, म्हणजे त्यांच्या कथेत, बोलतो. युद्ध थांबते.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या कल्पनेवर आक्षेप घेता येतात, आणि ते घ्यावेत. केवळ उल्लेखांची भाषा असेल तर लहान मूल मूळ कथा कोणत्या भाषेत शिकणार? यानातील सुटलेला खिळा आवळण्यास कोणत्या कथेने सांगणार? म्हणजे साध्या शब्दांचा थर खाली असावाच लागतो. पण त्यावर दुसरा थर चढलेला असतो, हे आपल्याला नवे नाही. ‘त्याचं पानिपत झालं’ हे वाक्य परक्या माणसाला शब्दकोशाच्या आधारे लावून द्या. पानिपत हे गावाचे नाव, हे त्याला कळेल. १७६१ कळणार नाही. ‘ध चा मा’, ‘द्रौपदीची थाळी’, ‘नरो वा कुंजरो वा’ ही आपली टमारियन भाषाच होय. चाळीतले दादा जे ‘तिकडचं’ म्हणत, ते हेच.

याच्या उलट उदाहरणही त्याच कथाविश्वात आहे. क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाने १९८४ सालच्या चित्रपटाकरिता खरोखरीची भाषा रचली आणि १९८५ साली तिचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरच्या एकाच भाषेत सहसा एकत्र न आढळणारे ध्वनी त्यांनी एकत्र आणले. गंमत अशी, की त्यातला एक आपल्या ‘ड’सारखा मूर्धन्य आहे, अमेरिकन कानाला तो परग्रहाचा वाटतो, आपल्याला घरचा. वाक्यात प्रथम कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता, असा क्रम जगातील फारच थोड्या भाषांत मूलभूत असतो. क्लिंगॉनचा तो नियम. मराठीत मात्र ‘भाकरी खातो मी’ हे आपण बोलता बोलता म्हणून जातो. या भाषेत १९९६ साली ‘हॅम्लेट’ही अवतरले. आणि तरीही, एका अमेरिकन भाषावैज्ञानिकाने आपल्या मुलाशी पहिली सुमारे तीन वर्षे क्लिंगॉनमधूनच बोलण्याचा प्रयोग केला, तेव्हा मूल हळूहळू तिच्यापासून दूर गेले. यान आणि युद्ध यांचे शब्द होते. घरातल्या कितीतरी वस्तूंना शब्द नव्हते. व्याकरण पूर्ण होते, पण त्यामागे आजी नव्हती, अंगण नव्हते.

पीएच.डी.च्या क्षेत्रकार्यासाठी मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात बोलीची सामग्री जमवत होते. माझ्याशी बोलणाऱ्या आजी शेजाऱ्याच्या मुलाच्या दुकानाविषयी सहज म्हणाल्या, “त्याचं काय बाई, धोंडीचं घर.” (बोलीतले रूप येथे प्रमाण मराठीत देत आहे.) दोन्ही शब्द माझ्या यादीत होते. अर्थ नव्हता. मग त्यांनी सांगितले. धोंडी नावाच्या शेतकऱ्याने घर बांधायला काढले. दाराची चौकट उभी केली, तिची पूजा केली आणि पैसा संपला. पुढे कधी दुष्काळ, कधी मुलीचे लग्न, कधी आजारपण. भिंती उठल्याच नाहीत. पण शेतातून परतताना धोंडी त्या जागेत बाजूने कधी शिरला नाही. वाकून चौकटीतूनच आत जाई आणि तिथे घटकाभर बसे. “म्हणजे अपुरं राहिलेलं काम का?” मी विचारले. आजी म्हणाल्या, “अपुरं काम माणूस टाकून देतो. धोंडीनं टाकलं नाही.”

काही वर्षांपूर्वी त्या गावी पुन्हा जाणे झाले. आजी राहिल्या नव्हत्या. एस.टी. थांब्यावरच्या तरुणांना मी ‘धोंडीचं घर’ म्हणजे काय, असे विचारले. “कोणता धोंडी? आडनाव सांगा,” असे त्यांनी आदबीने विचारले. भाषेतला एकही शब्द नाहीसा झाला नव्हता. कोणत्याही गणनेत ही हानी दिसणार नाही.

मित्रहो, हे तुम्हालाच का सांगते? संपर्क सत्रात एका विद्यार्थ्याने, जे वाहक म्हणून नोकरी करतात, आईवर निबंध लिहून आणला. वाक्ये शुद्ध होती, पण ती कोणाच्याही आईला लागू पडली असती. चहाच्या वेळी मात्र ते आईच्या तोंडचे एक वचन आणि त्यामागची हकीकत सांगू लागले, तेव्हा सारा वर्ग भोवती जमला. हे लिहिले का नाही, असे विचारल्यावर म्हणाले, “पुस्तकात बसत नाही, मॅडम.”

प्रमाण मराठी उत्तम यायलाच हवी. तिच्यामुळे तुमचे म्हणणे दूरवर पोहोचते. पण घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवून ती शिकायची, असा नियम कोणत्याही व्याकरणात नाही. नियमित महाविद्यालयातील अठरा वर्षांच्या मुलापेक्षा तुमच्याजवळ एक गोष्ट अधिक आहे: तुम्ही संसार, शेत, नोकरी यांतून आलेले आहात आणि दोन्ही भाषा तुमच्या कानांत आहेत. अनुवादयंत्राला जे जमले नाही, ते शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला जमले. ते काम तुम्ही करू शकता.

म्हणून या निबंधाला जोडून एकच स्वाध्याय देते. त्याला गुण नाहीत. तुमच्या घरी किंवा गावी बोलले जाणारे आणि बाहेरच्याला न कळणारे एक वचन लिहा. त्याखाली त्याची गोष्ट लिहा आणि ती कोणाकडून ऐकली, त्यांचे नाव लिहा. गोष्ट अर्धवट आठवत असेल तर थोरामोठ्यांना विचारा, आणि विचारायला सत्र संपण्याची वाट पाहू नका.