हुकुमाची तामिली

दूरदर्शनसंच ज्या घरात नुसता पाहिला जातो, त्या घरात तो विकत घेताना रंग, आकार, किंमत आणि बैठकीतील भिंतीची लांबी एवढ्या चार गोष्टींचा विचार केला म्हणजे भागते. परंतु ज्या घरात त्या संचावर कोणी खेळत असेल, तेथे या चारही गोष्टींच्या आधी पाचवी एक गोष्ट उभी राहते, आणि ती अशी की, हाताने सोडलेल्या हुकुमाची तामिली पडद्यावरील चित्र किती तत्परतेने करते. पाहणाऱ्याला चित्र देखणे असले म्हणजे पुरते; खेळणाऱ्याला ते आज्ञाधारकही असावे लागते. व्हिडिओ गेमचा छंद मला शाळकरी वयात जडला तो पुढे नोकरी, संसार आणि कर्जाचे हप्ते यांच्या रेट्यातही सुटला नाही. आणि या अवधीत घरात जे जे पडदे आले नि गेले, त्यांची पारख मी, कळत नकळत, याच एका कसोटीवर करीत आलो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत प्रक्षेपण आले, हा इतिहास शहरांचा; आमच्या तालुक्याच्या गावी बऱ्याच घरांतून त्यानंतरही कित्येक वर्षे कृष्णधवल संचच नांदत होते. अशा एका संचाला नव्वदच्या दशकाच्या आरंभी मामांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेले खेळाचे यंत्र जोडले गेले. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम'ची ती नक्कल होती. त्यात बसवायच्या डबीला आम्ही सगळे 'कॅसेट'च म्हणत असू. ती चालेनाशी झाली की बाहेर काढून तिच्या तोंडात फुंकर मारणे हा सर्वमान्य उपचार होता, आणि तिच्यावर '९९९९ इन १' असे छापलेले असले तरी मूठभर खेळच नावे बदलून पुनःपुन्हा भेटत, याबद्दल कोणाचीही तक्रार नसे.

त्या मूठभरांत 'डक हंट' होता. पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर प्लास्टिकच्या बंदुकीने नेम धरायचा, एवढाच तो खेळ. पण त्यातील करामत मला फार पुढे समजली. बंदुकीतून काहीतरी सुटून पडद्यावर आदळते अशी आमची समजूत होती, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट होती. चाप ओढताच पडदा क्षणमात्र काळा होई, लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे, आणि नळीच्या तोंडाशी बसवलेल्या प्रकाशसंवेदी घटकाला काळ्यामागून आलेला तो पांढरा उजेड ठरल्या क्षणी दिसला तरच नेम लागल्याची नोंद होई. हा व्यवहार वक्तशीर होई याचे श्रेय त्या जुन्या काचनळीच्या पडद्याला आहे. येणाऱ्या संकेताबरहुकूम इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ उजळीत जाई. चित्र आधी साठवायचे, त्यावर संस्कार करायचे आणि मग दाखवायचे, ही सोयच त्यात नव्हती. पुढे सपाट पडदे आले, तेव्हा प्लाझ्मा असो वा एलसीडी, त्यांच्यापुढे ही बंदूक निकामी ठरली. कारण पांढरा चौकोन उमटेपर्यंत तिची वाट पाहण्याची मुदत संपून गेलेली असे.

एलसीडीचा परिचय मला एस. टी. च्या प्रवासात झाला. हातात मावणाऱ्या 'ब्रिक गेम'च्या राखाडी काचेवर काळ्या विटा एकीवर एक येऊन पडत, आणि पडणाऱ्या विटेमागे तिची पुसट छाया क्षणभर रेंगाळत असे. त्या छायेचे मूळ द्रवस्फटिकांच्या स्वभावात आहे. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक पदार्थ आढळला: १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकाएकी नितळ होई. या दोन अवस्थांच्या मधला पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याच्या रेणूंना स्फटिकासारखी शिस्त असते. त्या रेणूंना विजेच्या दाबाने वळवून मागचा प्रकाश अडवणे वा सोडणे, हे एलसीडीचे सारे तंत्र. या शास्त्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिले. मात्र रेणू झाला तरी त्याला वळायला वेळ लागतोच, आणि खेळणाऱ्याची तक्रार तेथूनच सुरू होते.

ती तक्रार माझ्या घरी २००९ साली निर्णयाला आली. पुण्यात स्वतःची सदनिका झाली होती, प्लेस्टेशन ३ घरात आले होते, आणि जुन्या नळीच्या संचावर त्या यंत्राने काढलेली बारीक अक्षरे वाचवेनात. तपकीर गल्लीपासून मोठ्या झगमगीत दालनांपर्यंत सर्वत्र प्रश्न एकच होता: प्लाझ्मा की एलसीडी? दालनातील प्रखर दिव्यांखाली एलसीडीचे चित्र तजेलदार दिसे आणि शेजारचा प्लाझ्मा करडा, मलूल वाटे. त्यामुळे बहुतेक गिऱ्हाईक निकाल तेथेच लावून टाकी. मला मात्र रात्रीचे जेवण आटोपल्यावर, दिवे मालवून खेळायचे होते. अंधाऱ्या खोलीत त्या काळच्या एलसीडीचा काळा रंग मागील दिव्याच्या गळतीमुळे धुरकट होई, तर प्लाझ्मातील कोशच प्रकाश देणे जवळपास थांबवीत असल्याने काळोख काळोखासारखा दिसे.

गतीचा मुद्दा याहून नाजूक होता. एलसीडी एक चित्र दाखवले की पुढचे येईपर्यंत, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग किंवा सुमारे १६.७ मिलिसेकंद, तेच धरून ठेवतो. धावत्या गाडीमागे आपली नजर अखंड सरकत असते आणि चित्र मात्र तेवढा वेळ जागचे हलत नाही, म्हणून रेणू कितीही चपळ असले तरी कडा फिसकटतात. प्लाझ्मातील निऑन-झेनॉन वायूचा कोश एक तर पेटतो नाही तर विझतो. मधल्या छटा साधण्यासाठी तो एकाच चित्रात अनेकवार लुकलुकवावा लागतो, आणि जाहिरातींतील '६०० हर्ट्झ' हा आकडा त्यातूनच निघालेला. त्यामुळे गती ठळक राहते. अंधाऱ्या भागात किंचित कणकण आणि वेगवान कडेला हिरवट-पिवळी झाक, एवढा त्याचा दोष.

राहता राहिली तामिली. माझे वडील तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी समजावून सांगू लागलो की, बटण दाबल्यावर खेळाच्या यंत्राकडून निघालेले चित्र संचात शिरले की आधी त्याचा आकार बदलतात, मग डाग काढतात, मग रंग चढवतात, मग दोन चित्रांच्या मध्ये कल्पित तिसरे घुसवतात, आणि एवढे सोपस्कार उरकल्यावर ते पडद्यावर येते. ते म्हणाले, "म्हणजे अर्ज या मेजावरून त्या मेजावर फिरतो म्हण की! मग अर्जदाराने करायचं काय?" त्यांना उत्तर होते ते 'गेम मोड'चे: तो लावला की मधली बरीच मेजे वगळली जातात. हा विलंब दोन्ही जातींच्या संचांत असतो, तो पडद्याच्या प्रकृतीपेक्षा संचातील कारभारावर अवलंबून असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन संचांतही त्याचे मान निराळे निघू शकते. त्यामुळे अमुक जात जलद आणि तमुक मंद असा सरसकट दाखला कोणालाही देता येत नव्हता.

अखेर प्लाझ्मा आला. बेचाळीस इंची प्लाझ्मा तेव्हा तेवढ्याच एलसीडीहून स्वस्त पडत होता, ही बाब सौभाग्यवतींच्या संमतीस उपयोगी पडली. त्यावर १०२४ गुणिले ७६८ एवढेच बिंदू होते आणि विक्रेता 'फुल एचडी'चा आग्रह धरून बसला होता. पण त्या पिढीचे बहुतेक खेळ ७२० ओळींचेच चित्र रचीत असल्यामुळे मी तो आग्रह मानला नाही. रात्रीच्या खेळांत त्या पडद्याने जो काळोख, जी खोली आणि जी गती दाखवली, तिच्या तोडीचे मी त्या काळच्या दुसऱ्या पडद्यावर पाहिले नाही.

परंतु प्लाझ्माची एक अट होती. त्याच्या कोशांतील प्रकाशद्रव्य वापराने झिजते, आणि एकच ठळक आकृती तासन्‌तास एका जागी राहिली तर तेथील झीज अधिक होऊन तिचा ठसा मागे उरतो. खेळांतील धावफलक आणि प्राणांची पट्टी या कोपऱ्यातील कायमच्या रहिवाशांची मला धास्ती होती. म्हणून आरंभीचे काही महिने चकाकी उतरवून ठेवायची, खेळ थांबवला तर संच बंद करायचा, असे नियम मी घालून घेतले. ठसा उमटला तो भलत्याच ठिकाणी. वडील दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून बसत, आणि तिचे बोधचिन्ह व खालची पट्टी रात्री माझ्या खेळातील अंधाऱ्या अरण्यात अंधुकपणे तरंगू लागली. वाहिन्या बदलत राहण्याची विनंती केली तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बातम्या बघायलाही आता तुझा परवाना काढायचा का रे?" त्यांचे म्हणणे रास्त होते, बैठकीतला संच ही सामाईक मिळकत असते.

विशेष म्हणजे या पडद्याचा उगमच स्मरणशक्तीच्या शोधात झाला होता. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी 'प्लेटो' या संगणकीय अध्यापनयोजनेसाठी तो सिद्ध केला, तो एकदा पेटलेला कोश पेटलेलाच राहतो या गुणामुळे. महागडी स्मृतिसाठवण त्यामुळे वाचत असे. ते स्मरण विजेच्या भाराचे, आमच्या पडद्यावरचे झिजेचे. दोहोंची कारणे वेगळी. आणि अध्यापनासाठी निर्मिलेल्या त्या नारिंगी पडद्यांवर १९७३ च्या सुमारासच विद्यार्थी 'एम्पायर' नावाचा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा अंतराळयुद्धाचा खेळ खेळू लागले होते.

प्लाझ्माचा अस्त मात्र लवकर झाला. पायोनियरने २००९ साली दूरदर्शनसंचांच्या व्यवसायातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवले, आणि २०१४ साली सॅमसंग व एलजी यांनीही तोच मार्ग धरला. वीज अधिक, वजन अधिक, बारीक बिंदू घडवणे खर्चाचे, आणि दालनातील दिव्यांखाली तेज कमी. गुणांची बाजू भक्कम असूनही खटला हरला. आज 'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकला जातो तोही एलसीडीच, फक्त मागचा दिवा बदललेला. प्लाझ्माचा खरा वारस ओएलईडी: स्वयंप्रकाशी, गडद काळ्या रंगाचा, आणि स्थिर आकृतीच्या ठशाचा धोकाही वारशात घेऊन आलेला.

म्हणून आज कोणी सल्ला विचारला तर माझा निवाडा असा आहे: ज्या बैठकीत दिवसभर बातम्या आणि मालिका चालतात, तेथे एलसीडीच घ्यावा आणि खेळताना 'गेम मोड' लावावा, ज्याला स्वतःची खोली आहे आणि जो रात्री एकटा खेळतो, त्याने खुशाल ओएलईडी घ्यावा, आणि दोघांनीही दुकानदाराला आजूबाजूचे दिवे मालवायला लावून, कंट्रोलर हातात घेऊन थोडा वेळ खेळून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.