आंधळगावची जूनमधली खरेदी

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे विणकरांचे गाव. ऐनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांचा धागा इथे हातमागावर चढतो आणि त्याच्या साड्या दूरच्या शहरांत विकल्या जातात. माझी धाकटी बहीण याच गावात नांदते. २०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला झाली आणि विदर्भातील शाळा २३ जूनला उघडणार होत्या. मधल्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते.

भाची नववीत जाणार होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत गणवेश सरकारकडून मिळतो. नववीपासून खर्च घरचा. ती सकाळपासून विचारत होती, "अम्मी, ड्रेस कधी घ्यायचा?" बहिणीचे उत्तर ठरलेले, "अब्बूंचे पऱ्हे टाकून होऊ दे." धानाच्या मुलखात जून महिना बियाण्याचा, खताचा आणि नांगरणीचा. हातात पैसा नसतो, आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते.

शेवटी मीच भाचीला घेऊन एसटीने तुमसरला गेले. कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक आई एकच वाक्य बोलत होती, "भाऊ, एक नंबर मोठा द्या." बाही दुमडायची, खाली टीप मारायची आणि दोन वर्षे काढायची. आमचा ड्रेस ७५० रुपयांना पडला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी अर्धे पैसे दिले. बाकीचे दुकानदाराने वहीत मांडून ठेवले.

अमेरिकेतील काही राज्यांत शाळा उघडण्याआधी दोन-तीन दिवस विक्रीकर माफ असतो. टेक्सासमध्ये १९९९ पासून ही पद्धत आहे. ऑगस्टमधल्या त्या दिवसांत १०० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यांवर कर लागत नाही. आपल्याकडे अशी सवलत नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांच्यावरील जीएसटी शून्य झाला. वह्यांवर पूर्वी १२ टक्के होता. म्हणजे ६०० रुपयांच्या वह्यांत साधारण ६४ रुपये कराचे असत. हा दिलासा खरा आहे. हजार रुपयांच्या आतल्या कपड्यांवर मात्र आधीही ५ टक्केच कर होता आणि आजही तेवढाच आहे. भाचीच्या ड्रेसवर तो पूर्ण माफ झाला असता, तरी पस्तीस-छत्तीस रुपये वाचले असते. त्या बाईंची अडचण पस्तीस रुपयांची नव्हती. धान विकून पैसा हाती यायला अजून पाच-सहा महिने होते. तोवर त्यांना सांभाळून घेणारी गोष्ट एकच, दुकानदाराची ती वही.

परतताना बहिणीच्या दारात शेजारची मुलगी भेटली. अंगावर शाळेचा नवा ड्रेस. शाळा तर उघडलीही नव्हती! बहीण हळूच म्हणाली, "आपा, ईदला तिने हाच घातला होता. आईने ईदचे कपडे न घेता शाळेचा ड्रेस घेतला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षे मी वर्गात शिकवते. दर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर विचारत आले, "तुझा ड्रेस कुठे आहे?" एका वर्षी असे विचारल्यावर एक मुलगा आठ दिवस शाळेत आलाच नाही. तो आजारी असेल, असे मी समजत होते. त्याच्या आईने तेव्हा कोणाच्या दुकानाचे उंबरे झिजवले असतील, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आता मी जुलै संपेपर्यंत ड्रेसबद्दल विचारत नाही. विचारायचेच झाले तर मुलाला बाजूला घेऊन, हळू आवाजात. कर कमी करणे सरकारच्या हातात आहे; एवढे तर माझ्या हातात आहे. आणि आपल्या मुलांसाठी ईदचे कपडे घेताना, ज्यांना जमेल त्यांनी शेजारच्या एका मुलाचा शाळेचा ड्रेसही घ्यावा. म्हणजे त्याला ईदला ईदचे कपडे घालता येतील.