झाली का केली?

‘व्हॅनिश’ हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो आईच्या आरशापुढच्या बरणीवर. व्हॅनिशिंग क्रीम. शब्दकोशात अर्थ सापडला ‘नाहीसे होणे’, आणि आठ दिवस मी धास्तावून आईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहरा जागेवरच राहिला. दिसेनासं व्हायचं ते क्रीम. वरून पावडर मात्र छान बसायची.

मग इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी व्हॅनिशिंग पॉइंट आला. सर आम्हाला इतवारी स्टेशनावर घेऊन गेले. नागभीडकडे जाणाऱ्या नॅरोगेजचे, अडीच फुटांवरचे दोन रूळ लांबवर एका ठिपक्यात मिळाल्यासारखे दिसत होते. ‘मिळत नाहीत बरं ते,’ सर म्हणाले, ‘आपली नजर पुरत नाही.’ कॉलेजात तर गणिताच्या प्राध्यापकांचं फंक्शनच व्हॅनिश व्हायचं. म्हणजे किंमत शून्य व्हायची, आणि आलेख अक्ष ओलांडून खुशाल पुढे जायचा.

तिन्ही वेळा हा शब्द थापच मारत होता. गेलं काहीच नव्हतं.

घरात आमचा शब्द होता ‘गायब’. संत्राबर्फीचा डबा रिकामा सापडला की मी म्हणायचो, ‘गायब झाली.’ आई विचारायची, ‘झाली का केली? बर्फीले काय पाय फुटले?’ मी गप्प. अकर्मक आणि सकर्मक क्रियापद मी शाळेच्या आधी त्या डब्यापाशी शिकलो.

इंग्रजीतलं व्हॅनिश अकर्मक. कुणी केलं, हे त्याला विचारायची सोय नाही. त्याच्या भावंडाला, डिसअपिअरला, मात्र विसाव्या शतकात सकर्मक व्हावं लागलं. अर्जेंटिनात 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत हजारो माणसं उचलून नेली गेली. त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून ब्युनोस आयर्सच्या चौकात दर गुरुवारी फेऱ्या घालू लागल्या. त्या माणसांविषयी बोलताना इंग्रजीलाही ‘नाहीशी केली गेली’ असंच म्हणावं लागलं. आयांचा प्रश्न सगळीकडे एकच.

2019 च्या नोव्हेंबरात नागभीडची छोटी गाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तिला कुणी ‘व्हॅनिश’ म्हणालं नाही. कुणी बंद केली आणि कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याआधी साडेतीन वर्षं, 2016 च्या एप्रिलात, उमरेड-कऱ्हांडल्याचा जय दिसेनासा झाला होता. नागझिऱ्याहून चालत आलेला भलाथोरला वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. जंगल पालथं घातलं, पण सापडला नाही. इंग्रजीत तो व्हॅनिश झाला, मराठीत बेपत्ता.

आईनं पेपर वाचला, घडी घातली, चष्मा काढला.

‘एवढं मोठं जनावर,’ ती म्हणाली. ‘झालं का केलं?’

मी पुन्हा गप्पच बसलो, बर्फीच्या डब्यापाशी बसायचो तसा.